रंगलेली पाने

निसर्गातील सौंदर्याची कारणे शोधू लागले, की त्याची गोडी उणावते, अशी कित्येकांची समजूत असते. फूल हुंगावे, त्याच्या पाकळ्या मोजीत बसू नये, असे ते म्हणतात. मला मात्र याच्या उलट अनुभव आला. तो आला अमेरिकेतील बॉस्टन शहरी, आर्नल्ड वृक्षोद्यानात.

हे उद्यान हार्वर्ड विद्यापीठाने १८७२ साली स्थापन केले. पुढे १८८२ साली शहराने ही जमीन एक हजार वर्षांच्या कराराने विद्यापीठाकडे सोपविली. वृक्ष लावणाऱ्याने किती दूरवर पाहावे, हे त्या करारावरून कळते! येथील झाडांना नावांच्या लहान पट्ट्या लावलेल्या आहेत. त्यामुळे नवख्या माणसालाही झाडाची ओळख विचारता येते.

ऑक्टोबर सरत आला होता. मेपलची झाडे तांबडीलाल झाली होती. गिंकोची पाने हळदीसारखी पिवळी दिसत होती. कात्सुरा नावाच्या जपानी वृक्षाखाली पडलेल्या पानांना तर गुऱ्हाळाची आठवण व्हावी असा गोड, खरपूस वास येत होता. तरीही माझे मन उदास झाले. जी पाने आज ना उद्या मातीत मिळणार, त्यांनी इतके नटावे कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने दिले. दिवस लहान होऊ लागले, की पानांतील हरितद्रव्य नाहीसे होऊ लागते. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो. हिरव्याच्या आड दडलेला तो आता प्रकट होतो. तांबडा रंग मात्र बहुतांशी याच दिवसांत नव्याने तयार होतो. एवढ्या अवधीत झाड पानांतील नत्रासारखी पोषकद्रव्ये काढून घेऊन आपल्या फांद्यांत व खोडात साठविते. मगच पान गळते. आणि जेथून ते गळते, तेथे पुढच्या वसंताचा डोळा आधीच तयार असतो!

हे कळल्यावर मी पुन्हा त्या झाडांकडे पाहिले. रंग तेच होते. परंतु आता मला तेथे मरणाची कळा दिसेना. एखाद्या जाणत्या शेतकऱ्याने पावसाळ्यापूर्वी घरात बेगमी करून ठेवावी, तशी ती झाडे हिवाळ्याची तयारी करीत होती. ज्ञानाने माझा आनंद हिरावला नाही; उलट माझी उदासीनता हिरावून घेतली.

असा आनंद मिळविण्यासाठी परदेशीच गेले पाहिजे, असे नाही. सह्याद्रीत वसंत ऋतूमध्ये कोशिंबाची कोवळी पालवी लालबुंद होते. पिंपळाची नवी पाने तांबूस झळकतात. तिकडे पान निरोप घेताना रंगते, इकडे ते जन्मताना रंगते. हा भेद ज्याला ठाऊक असेल, तो रस्त्यावरच्या पिंपळापाशीही क्षणभर थांबेल. डोळ्यांनी पाहिलेले सौंदर्य बुद्धीने जाणले, म्हणजे ते दुणावते, असे माझे मत आहे.