ऐकणाऱ्यांचा हिशेब

तळोज्याच्या मध्यवर्ती कारागृहात २७ जून २०१३ रोजी एका कैद्याने टोळीवाला अबू सालेम याच्यावर गोळी झाडली, ती हाताला लागून तो बचावला. आणि चहूबाजूंनी पहारा असलेल्या त्या आवारात पिस्तूल शिरलेच कसे, असा सवाल जो तो करू लागला. आमच्या इलाख्यात अशी चर्चा निघाली, की ‘या टोळीवाल्यांचे फोन रात्रंदिवस ऐकायला सरकारला कोणी अडवले आहे?’ असे कोणीतरी विचारतोच. प्रश्न रास्त आहे. अडवलेले कोणीही नाही. १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, म्हणजे मोक्क्याने, ती मुभा स्पष्ट शब्दांत दिलेली आहे.

त्या मुभेमागचे कारणही लटके नाही. म्होरक्या परमुलखात बसून हुकूम सोडतो, हुकूम बजावणाऱ्याने त्याचे तोंडही क्वचितच पाहिलेले असते, आणि ज्याच्याकडून खंडणी उकळायची तो व्यापारी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहण्यापेक्षा पैसे मोजून मोकळा होणे पसंत करतो; अशा गुन्ह्यात पंचनाम्याजोगे स्थळ नसते, जबानी द्यायला कोणी धजत नाही, आणि पुरावा म्हणून उरतो तो दूरध्वनीवरील संवाद. ‘चोरी चोरी चुपके चुपके’ या चित्रपटाचे भांडवलदार भरत शहा यांना जानेवारी २००१ मध्ये अटक झाली, ती टोळीवाला छोटा शकील याच्याशी झालेल्या अशाच ध्वनिमुद्रित संभाषणांच्या आधारे. २००३ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना मोक्क्याच्या आरोपांतून मुक्त केले व माहिती दडवल्याबद्दल एक वर्षाची सजा दिली. फितींचा गाजावाजा आणि त्यांचे न्यायालयातले वजन यांत असे अंतर पडू शकते.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने, दूरध्वनी हा केंद्राच्या अखत्यारीतला विषय आहे असे सांगून, मोक्क्याची १३ ते १६ ही कलमे रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २००८ रोजी ती पुनःस्थापित केली. त्यांतील बंधने कागदावर कडक आहेत. अर्ज पोलीस अधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अंमलदाराचा चालत नाही, तपासाचे इतर मार्ग खुंटले अथवा धोक्याचे आहेत हे अर्जात दाखवावे लागते, एका मंजुरीची मुदत साठ दिवसांपलीकडे जात नाही. परंतु मंजुरी गृहखात्याच्या सचिवाची आणि फेरतपासणी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीची, अशा रीतीने त्या कागदाचा सारा प्रवास मंत्रालयाच्या जिन्यांवरच पुरा होतो. अमेरिकेच्या १९६८ च्या अशाच कायद्याखाली थांबतो तसा तो न्यायाधीशाच्या मेजावर थांबत नाही. पेढीच्या मालकाने आपला ताळेबंद थोरल्या भावाकडून तपासून घ्यावा, तसला हा प्रकार आहे.

अशा घरच्या घरी होणाऱ्या तपासणीबद्दलची शंका निराधार म्हणावी, तर काही वर्षांपूर्वी राजकीय पुढाऱ्यांचे फोन भलत्याच नावांनी, अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांचे म्हणून दाखवून, ऐकले गेल्याचा आरोप विधानसभेत झाला होता. ते प्रकरण मोक्क्याखालचे नव्हते, त्यातले गुन्हेही २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केले. म्हणून दोष कोणाचा, याची चर्चा येथे अप्रस्तुत होय. मात्र त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये एका लाचेच्या खटल्यात बेकायदा ठरलेली ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचा आदेश दिला, हे विसरता येत नाही. तेथे आरोपीला आपले बोलणे ऐकले गेल्याचे कळले, म्हणून तो दाद मागू शकला. ज्याच्यावर खटलाच भरला गेला नाही, त्या निरपराध माणसाला हे कळावे कसे, आणि त्याने फिर्याद न्यावी कोठे?

याच कायद्याचे सत्ताविसावे कलम मला म्हणूनच साऱ्यांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याच्याकडेच सर्वांचे दुर्लक्ष आहे. चोरून ऐकण्यासाठी वर्षभरात अर्ज किती आले, मंजूर किती, नामंजूर किती, त्यांतून खटले किती उभे राहिले, याचा वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवण्याचे बंधन त्याने राज्य सरकारवर घातले आहे. राज्याच्या सुरक्षिततेला वा गुन्ह्यांच्या शोधाला बाध आणील एवढाच मजकूर वगळण्याची सवलत आहे. आमच्या पनवेलच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हे आकडे मागावेत, आणि विशेषतः नामंजुरीचा आकडा शून्य निघाल्यास त्याची कैफियत विचारावी. ‘गोपनीय’ हा शेरा त्यावर मारला जाईलच. पण सरकारने किती अर्ज फेटाळले एवढे ऐकून कोणता छोटा शकील सावध होणार आहे?

— तळोजेकर