सूर हवेत, विचार नकोत!

‘ब्लॅक मेटल’ म्हटले की डोळ्यांसमोर रंग फासलेले चेहरे आणि कानठळ्या बसविणारा गोंगाट येतो. गोंगाट आहेच. परंतु या संगीताची एक धुकट, संथ शाखाही आहे. तीत गिटारच्या तारा इतक्या वेगाने छेडतात की सूर सुटे न राहता पावसाच्या सरीसारखे सलग होतात. की-बोर्डचे दोन-चार साधे स्वर आठ-दहा मिनिटे फिरत राहतात आणि गायकाची किंकाळी दूर दरीतून आल्यासारखी वाटते. शब्द कळत नाहीत. ऐकणारा मात्र निर्जन अरण्यात जाऊन पोहोचतो. मला हे संगीत आवडते, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

अडचण पुढे आहे. या शाखेचा पाया घालणाऱ्यांत नॉर्वेच्या ‘बुर्झुम’चे नाव टाळताच येत नाही. बुर्झुम म्हणजे वर्ग विकेर्नेस हा एकटा माणूस. सगळी वाद्ये तोच वाजवतो. मार्च १९९३ मध्ये मुद्रित झालेला ‘फिलोसोफेम’ हा अल्बम १९९६ साली निघाला. आणि हाच माणूस खुनी! ऑगस्ट १९९३ मध्ये ऑस्लो येथे त्याने ‘मेहेम’ या बँडचा गिटारवादक ऑयस्टाइन आर्सेथ याला भोसकून ठार केले. १९९४ साली हा खून व चर्चेस जाळल्याबद्दल त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. २००९ साली तो सुटला. तुरुंगात डोके ताळ्यावर आले म्हणावे, तर तेही नाही. २०१४ साली फ्रान्सच्या न्यायालयाने ज्यू व मुस्लिमांविरुद्ध वंशद्वेष चेतविल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची स्थगित कैद आणि ८ हजार युरो दंड ठोठावला.

गंमत पाहा. ‘बुर्झुम’ म्हणजे अंधार; हा शब्द त्याने टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या कल्पित भाषेतून उचलला. त्याच टॉल्किनला १९३८ साली एका जर्मन प्रकाशकाने ‘तुम्ही आर्य वंशाचे ना?’ असे विचारले, तेव्हा त्याने चिडून लिहिलेला उत्तराचा मसुदा आजही उपलब्ध आहे. (या आर्य वंशाच्या कल्पनेचा समाचार बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात घेतलाच आहे.)

‘कला वेगळी, कलावंत वेगळा’ असे म्हणणारे फार सहज सुटतात. ६ जून १९९२ रोजी बर्गेनजवळचे फॅन्टॉफ्ट येथील लाकडी चर्च जळाले. त्या आगीचा आरोप विकेर्नेसवर सिद्ध झाला नाही. पण जळक्या सांगाड्याचे छायाचित्र त्याने आपल्या ‘आस्के’ या रेकॉर्डवर छापले. आस्के म्हणजे राख. इथे कृत्य आणि कला वेगळी कशी काढणार? उलट ‘फिलोसोफेम’मध्ये पंचवीस मिनिटांची एक रचना निव्वळ की-बोर्डची आहे. कोणता वंश श्रेष्ठ, हे दोन स्वर कसे सांगणार? तेव्हा प्रत्येक रचनेचा निवाडा वेगळा करावा लागतो. ज्या बँडच्या शब्दांतच द्वेष आहे, ते मी ऐकत नाही.

राहिला प्रश्न पैशाचा. ज्या विक्रीचा पैसा अशा माणसाच्या खिशात जाईल ते विकत घ्यायचे नाही, त्याच्या नावाचा शर्ट अंगात घालायचा नाही. घरातली तरुण मुले हे ऐकत असतील तर मोबाइल हिसकावू नये. हा माणूस कोण, त्याने कोणाला मारले, कोणाबद्दल काय पसरवले, ते जेवताना सरळ सांगावे. बंदी घातली की असा माणूस मुलांना नायक वाटू लागतो!

शिवाय हे संगीत काही त्याच्या मालकीचे नाही. मॅन्युएल गॅन्यू या संगीतकाराची आई कृष्णवर्णीय अमेरिकन, वडील स्विस. ‘कोणते दोन संगीतप्रकार एकत्र करू?’ असे त्याने इंटरनेटवर विचारले. एक म्हणाला ब्लॅक मेटल. दुसऱ्याने काळ्यांच्या संगीताचे नाव शिवी घालून सुचवले. गॅन्यूने दोन्ही घेतले, आणि गुलामांच्या गाण्यांची धाटणी या धुकट गिटारमध्ये मिसळून ‘झील अँड आर्डर’ या नावाने २०१६ साली ‘डेव्हिल इज फाइन’ काढला. ऑस्टिन लन हा अमेरिकन ‘पॅनॉप्टिकॉन’ या नावाने एकटाच वाजवतो. त्याच्या २०१२ सालच्या ‘केंटकी’ या अल्बममध्ये कोळसा खाणकामगारांचे संप आहेत आणि त्या किंकाळ्यांच्या मधोमध चक्क बँजो वाजतो. नवख्या वाचकांनी तिथूनच सुरुवात करावी.