किल्ली कोणाच्या खिशात?

आपल्या समाजाची कुलपावर मोठी श्रद्धा. धान्याच्या कोठीला कुलूप, दागिन्यांच्या कपाटाला कुलूप, देवाच्या दानपेटीला तर दोन! ज्या स्विचवर माणसाचा जीव अवलंबून, तो मात्र उघडा. तिथे राखण कशाची? "लाईन बंद केली रे, चढ वर" एवढ्या शब्दाची.

तिरोडी हे मँगनीजच्या खाणीचे गाव. मोटर, पंप, क्रशर इथे पोरासोरांनाही ठाऊक. त्यांच्या दुरुस्तीची रीत कुठेही एकच हवी. पुरवठा तोडावा, स्विचला कुलूप घालावे, काम करणाऱ्याच्या नावाची पाटी लावावी. टेस्टर आधी चालू लाईनवर पारखावा, मग बंद तार तपासावी, अर्थिंग करावे आणि मगच हात घालावा. चौघे कामाला असतील तर चार कुलपे. ज्याचे कुलूप त्यानेच काढावे. नुसती पाटी पुरत नाही. पाटी विनवते, कुलूप अडवते.

नियम नव्हता, ही सबब चालणार नाही. अमेरिकेने यंत्रांना कुलूप घालण्याचा नियम १९८९ साली केला. त्याच्या तेहेतीस वर्षे आधी, १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी बजावले होते की माणूस काम करत असताना तार चुकूनही भारित होता कामा नये. कागद आपला जुना. वागणे त्याहून जुने. दसऱ्याला स्विचबोर्डाला हळदकुंकू वाहतो, दुसऱ्या दिवशी त्याच बोर्डाखाली कंत्राटी हेल्परला हातमोज्यांशिवाय उभा करतो. तो कुलूप मागू लागला की "भित्रा" म्हणतो. न मागता चढला की "वाघ" म्हणतो. मेला की "त्याचीच चूक" म्हणतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांवर माणसे मेल्याची नोंद सापडते. त्यात शेतकरी आहेत, घरातली माणसे आहेत, तारेवरचे कामगारही आहेत. यातल्या किती मरणांना आपण "नशीब" म्हणून मोकळे झालो?

एका कुलपाला खर्च तो किती? पण खरी अडचण पैशाची नाही. किल्ली हेल्परच्या खिशात गेली की साहेबालाही त्याच्यासाठी थांबावे लागते, आणि गरिबासाठी थांबणे आपल्या प्रतिष्ठेला झेपत नाही. म्हणून यापुढे तारेवर कोणी गेला, तर त्याची चूक शोधण्याआधी मुकादमाला, ठेकेदाराला, साहेबाला भर चौकात विचारा: कुलूप होते का, आणि किल्ली कोणाकडे होती?