फिरतें घर घेण्यापूर्वीं

उत्तनजवळील पालीच्या समुद्रकांठीं फिरत्या घरांत सहकुटुंब दोन दिवस राहावें, ही हौस कोणास होणार नाहीं? परंतु असें घर विकत घेण्यापूर्वीं आंतील बिछाने मोजून भागत नाहीं, वजन पाहावें. गाडीच्या कमाल भारित वजनांतून रिकामें वजन वजा जातां उरेल तेवढाच भार आपला. समजा, ३,५०० किलोंतून २,९०० गेले, उरले ६००. साठ किलोंचीं सहा माणसें ३६०, दोनशें लिटर पाणी २००, भरलेला गॅस सिलिंडर सुमारें ३०. शिल्लक अवघे दहा किलो! मग अंथरुणें-भांडीं कोठें ठेवणार? मागाहून बसविलेलीं कपाटेंही यांतच धरावयाचीं. भार फाजील झाला कीं उतारावर गाडी आवरत नाहीं. म्हणून सजविलेली गाडी वजनकाट्यावर घालून मगच विसार द्यावा. आंत आपलीं मुलेंबाळें आणि वडीलधारीं बसणार आहेत.