फेस विरला, साबण उरला

कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील सांडपाण्याचा विषय निघाला, की चर्चा रंग, वास आणि फेस यांवर येऊन थांबते. ओढ्यावर फेस दिसला की ओरड होते, फेस विरला की आपण निश्चिंत होतो. माझ्या मते या तिघांत फेस हाच सर्वांत फसवा साक्षीदार आहे.

साबण-डिटर्जंट वर्गातील रसायनांचे खरे काम फेस करणे नव्हेच. त्यांच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेते. शेपूट पाणी टाळून तेलकट वस्तूला बिलगते. या दुहेरी स्वभावाची ताकद पाहायची तर कार्बन नॅनोट्यूबचे उदाहरण घ्यावे. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमा यांनी जगाचे लक्ष या नळ्यांकडे वेधले. एकपदरी नळीची जाडी सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! नुसत्या पाण्यात त्या एकमेकींना चिकटतात आणि जुडगे होऊन तळाशी बसतात. मात्र शाम्पूत वापरतात ते सोडियम डोडेसिल सल्फेट घालून अतिउच्च कंपनांच्या ध्वनिलहरींनी पाणी घुसळले, की जुडगे उसवते. सुट्या नळीला साबणाचे रेणू वेढतात, तिला ऋण विद्युतभार देतात आणि नळ्या परस्परांना दूर लोटू लागतात. मग त्या दीर्घकाळ तरंगत राहतात. २००६ साली अमेरिकेत याच वर्गातल्या पित्तक्षारांच्या साह्याने अशा नळ्या प्रकारवार वेगळ्या करण्यात आल्या.

प्रयोगशाळेतला हा गुण सांडपाण्यात अवगुण ठरतो. सांडपाणी शुद्ध करण्याची पहिली पायरीच मुळी घाण तळाशी बसण्यावर उभी आहे, आणि साबण नेमके तेच होऊ देत नाही. तेल असो वा रंगाचा सूक्ष्म कण, त्याला तो तरंगत ठेवतो. फेसनाशक टाकले तर फेस मरतो, साबण तसाच राहतो. तुरटी विद्युतभार शमवते. पण भाररहित डिटर्जंटपुढे तिचे फारसे चालत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ऋणभारित डिटर्जंटची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम ठेवली आहे. मात्र त्यासाठीची नेहमीची निळ्या रंगाची चाचणी भाररहित प्रकार पकडतच नाही.

कारखाने बंद करा, असे मी म्हणणार नाही. दौंड तालुक्यातील कित्येक घरांची चूल त्यांच्यावर पेटते. मागणी साधी आहे. साबणमिश्रित पाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्राकडे जाण्याआधी कारखान्याच्या फाटकाशीच वेगळे काढावे, तेथेच दोन्ही प्रकारचे डिटर्जंट मोजावेत आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. या भागाचे पाणी भीमेच्या खोऱ्यातले आहे, आणि पुढे उजनी धरण आहे. त्या पाण्यावर जगणाऱ्या शेतकऱ्याला फेस नाही एवढेच सांगून भागणार नाही. पाण्यात काय उरले, हे त्याला आकड्यांत कळले पाहिजे.