पंपाच्या हमीचा हिशेब

2024 च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पंपाला 5 वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. ही हमी फुकट नसते. किती पंप कधी बिघडतील याचा अंदाज बांधून कंपन्या तो खर्च किमतीतच धरतात. अंदाजाला आधार नोंदलेल्या तक्रारींचा. आपण तोंडी सांगून गप्प बसलो, तर कागदावर पंप धडधाकट! इकडे हळद पाण्यावाचून वाळते.

वसमत असो की सेनगाव, गावात एक वही ठेवा. पंप कधी बसला, कधी बंद पडला, कधी सुरू झाला, तारखेनिशी लिहा. चालू पंपही लिहा. नुसते बिघडलेले मोजले तर पंपाचे आयुष्य आहे त्याहून कमी दिसते, आणि कंपनी आपली वही एका वाक्यात उडवून लावील. सहाव्या वर्षापासून दुरुस्ती आपल्याच खिशातून आहे.