केळीचा मळा विकून दुबईत ब्लॉक

हल्ली खानदेशात एक नवे शहाणपण आले आहे. जळगाव-धुळ्याच्या बैठकीत पूर्वी विहिरीला पाणी किती हातांवर लागले याची चौकशी व्हायची. आता दुबईत ब्लॉकचा भाव काय चालला आहे याची होते. ज्याने तापीकाठची काळी जमीन काढून तिकडे दोन खोल्या घेतल्या तो दूरदृष्टीचा, आणि ज्याने मळा राखला तो मागासलेला, अशी माणसांची प्रतवारीही लागून गेली आहे. या प्रतवारीशी माझे भांडण आहे. ते ऐन दिवाळीत उकरून काढण्याचे कारण एवढेच की, परदेशातली पोरे याच दिवसांत घरी येतात आणि जमिनीचा विषय निघतो तोही फराळाच्या ताटाभोवतीच. “आबा, ही चार एकर आता कोण बघणार? काढून टाका!” हे वाक्य कुठल्या घरात उच्चारले गेले नाही?

कोणी असे समजू नये की परदेशी जाण्याला माझा विरोध आहे, किंवा जमीन हाच काय तो देव असे मी मानतो. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तिचीच पुढे विप्रो झाली. गावातल्या ज्या घरांनी तिचे शेअर पेटीत जपले, त्यांना कोण्या बागाईतदाराचा हेवा करावा लागला नाही. कागदाची संपत्ती मलाही कळते. मी विचारतो ते एवढेच, की कोणत्या कागदाने आपल्याला कोणता हक्क मिळतो.

दुबईने परक्यांना पूर्ण मालकीची दारे २००२ साली उघडली, तीही ठरवून दिलेल्या भागांतच. नोंदणीसाठी किमतीच्या चार टक्के तिथल्या जमीन खात्याचे. २० लाख दिरहमांची मालमत्ता घेतली की दहा वर्षे राहण्याचा परवाना मिळू शकतो. दलाल ‘मालकी’ हा शब्द मोठ्याने म्हणतो, ‘परवाना’ हा हळू म्हणतो आणि ‘नागरिकत्व’ हा तर त्याच्या तोंडी येतच नाही. कारण ते त्यात नाहीच. कायदा करणाऱ्यांत आपला माणूस नाही आणि कायदा बदलला तर विचारणाराही कोणी नाही, अशा ठिकाणी आयुष्याची पुंजी नेऊन ठेवणे याला मी दूरदृष्टी म्हणत नाही.

कायदे बदलतात हो! कॅलिफोर्नियात आपले पंजाबी शेतकरी घाम गाळीत होते. १९१३ च्या कायद्याने, ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना शेतजमिनीची मालकी बंद झाली, आणि १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असे ठरवले. मग कसणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचे, असा संसार कित्येकांनी केला. युगांडात १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवस दिले. दुकाने, बंगले, गिरण्या जागच्या जागी राहिल्या. हे जुने झाले म्हणाल, तर कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून परक्यांना राहती घरे विकत घेण्यास बंदी केली आणि पुढे ती १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ पासून दोन वर्षांसाठी परक्यांना जुनी, बांधून झालेली घरे घेणे बंद केले.

एवढे कशाला, प्रत्यक्ष महाराष्ट्र सरकारचे पाहा. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात राहिले, ते घर सरकारने २०१५ साली विकत घेतले. चांगलेच केले. पण तिथे स्मारक चालवायचे म्हणताच कॅम्डन भागाच्या नगरपालिकेने २०१८ साली परवानगी नाकारली. अपील, चौकशी होऊन ती मिळायला २०२० उजाडले. किंमत मोजलेला मालक एक सरकार, तरी त्याची ही कथा. मग रावेरच्या पाटलाने काय समजावे?

कॅनडाची बातमी आली तेव्हा आमच्याकडचे काही लोक फार चिडले. हा म्हणे अन्याय! मला हसू आले. त्यांच्या पोरांना घरे मिळेनात म्हणून त्यांनी दार लावले. आपण तर ते कधीच लावून ठेवले आहे. १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ वाचा: जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यावर परकीय चलनाचा कायदा, तो म्हणजे ‘फेमा’. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला आणि ओसीआय कार्डवाल्याला इथे घर घेता येते, दुकान घेता येते; पण शेतजमीन, मळेबाग आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. बापाने बक्षीसपत्र करून दिलेले शेतही त्याला घेता येत नाही. हे दोन्ही कायदे मला योग्य वाटतात. बांध राखायचा तर तो सगळ्यांनाच राखू दिला पाहिजे.

आता खरी मेख ऐका. याच कायद्यात एक फट ठेवली आहे: वारसाहक्काने आलेले शेत परदेशी गेलेल्या मुलालाही मिळते. म्हणजे अमेरिकेचा नागरिक झालेला तुमचा मुलगा तुमच्या पश्चात यावलच्या मळ्याचा मालक होऊ शकतो, पण तोच मळा उद्या बाजारात आला तर तो त्याला घेता येणार नाही, खिशात कितीही डॉलर असोत. ज्याच्या भल्यासाठी आबा आज खरेदीखतावर अंगठा उठवतात, त्याच्यापुरते ते दार कायमचे बंद होते. दुबईचा ब्लॉक विकून पुन्हा दुबईत ब्लॉक घेता येतो, उलटी वाट मात्र नाही. शिवाय शेवटचा गुंठा गेल्यावर, परतून आलेल्या नातवाने शेत घ्यायचे म्हटले तर ‘तू शेतकरी कसा?’ या प्रश्नाला तो काय उत्तर देणार?

दलाल हे सांगत नाही, आणखीही एक सांगत नाही. इथे राहणाऱ्या माणसाला दरसाल अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते हे तो सांगतो. पण तो ब्लॉक दरवर्षी आयकराच्या विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावा लागतो, आणि लपवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे, हे तो गिळतो. पत्रकावर निळे पाणी आणि उंच इमारत छापलेली असते. दंडाला जागा उरत नसावी.

आमच्या रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन केळी २०२१ च्या जूनमध्ये दुबईला गेली. केळी तिकडे गेली, पैसा इकडे आला. हा व्यवहार मला समजतो. केळीच्या मागोमाग मळाच जहाजावर चढवायचा, हा मात्र समजत नाही.

“पण कसणार कोण?” हा प्रश्न उरतोच, आणि तो खोटा नाही. मजूर मिळत नाही, भाव पडतो, म्हातारपणी बांधावर जाववत नाही. बटाईने द्या, शेजाऱ्याशी वर्षाचा करार करा, दोन एकर विकून दोन ठेवा. आणि हो, मुलीला विचारलेत का? २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत तिचा मुलाइतकाच हक्क आहे. मुलगा शिकागोला, म्हणून मळा विकायचा ठरतो. मुलगी नाशिकला, बसने चार-पाच तासांवर, तिला शेत हवे आहे की नको हे कोणी विचारत नाही, फक्त सही करायला बोलावतात. भाऊबीजेला ती येईलच. ओवाळणीच्या आधी सातबारा तिच्या हातात द्या आणि ती काय म्हणते ते ऐकून घ्या. इसार घेऊन बसलेला दलाल थांबेल चार दिवस.